झालरवाली पाल: कातडीची झालर उडायला की लपायला?

शेवाळरेषा

एका भित्तिफलकासाठी आग्नेय आशियातल्या वर्षावनातली झालरवाली पाल काढायची आहे. कुहलची पाल, म्हणजे जुन्या पुस्तकांतली टायकोझून कुहली. चित्रं दोन: एकात ती खोडाला चिकटून बसलेली, दुसऱ्यात हवेत.

अडचण अशी की हाताशी असलेले संदर्भ एकमेकांशी जुळत नाहीत. एका चित्रात वटवाघळासारखा मनगटापासून घोट्यापर्यंत ताणलेला पडदा आहे. दुसऱ्यात पडद्याच्या आत फासळ्यांच्या काड्या दिसतात. तिसऱ्यात पडदा जवळजवळ नाहीच, घरातल्याच पालीला रुंद बोटं लावल्यासारखी वाटते.

माहिती हवी आहे ती अशी. झालर नेमकी कुठून कुठपर्यंत असते? पाल बसलेली असताना ती कुठे जाते? ती उघडायला स्नायू असतात का? ही पाल रंग बदलते का? आणि फलकावर "उडणारी" लिहावं की दुसरा काही शब्द आहे? नावाचाही घोळ आहे, काही ठिकाणी टायकोझून आणि काही ठिकाणी गेको लिहिलेलं दिसतं.

---

खोडकर

तिन्ही चित्रं चुकलेली आहेत, पण प्रत्येकाची चूक वेगळी आहे.

फासळ्यांच्या काड्या असलेलं चित्र मुळात पालीचं नाहीच. तो ड्रॅको, म्हणजे उडता सरडा. त्याच्या काही फासळ्या लांबून धडाबाहेर आलेल्या असतात आणि पडदा त्यांच्यावर ताणलेला असतो, छत्रीच्या काड्यांवर कापड असावं तसा. ड्रॅको दिवसा फिरतो, पडदा स्वतःहून उघडतो आणि मिटतो. झालरवाल्या पालीच्या झालरीत एकही हाड नाही. वटवाघळाच्या धर्तीवर काढलेला अखंड पडदाही तिच्यात नाही. पुढचा पाय आणि मागचा पाय यांना जोडणारी सलग कातडी उडत्या खारीत असते, पालीत नसते.

पालीची झालर तुकड्यातुकड्यांत आहे, आणि चित्रात हे तुकडे वेगळे दिसलेच पाहिजेत:

डोक्याच्या आणि मानेच्या कडेला, कानाच्या खालच्या अंगाला, कातडीची एक छोटी पाळी. मग काखेपासून जांघेपर्यंत धडाची मुख्य झालर, दोन्ही बाजूंना. ही सर्वांत रुंद. पायांवर स्वतंत्र पट्ट्या आहेत, पुढच्या पायावर पुढच्या आणि मागच्या कडेने, मागच्या पायावर मांडी आणि पोटरीच्या कडेने. पाचही बोटांच्या मध्ये पडदा, बदकाच्या पायासारखा जवळजवळ पूर्ण. आणि शेपटी चपटी, तिच्या दोन्ही कडांना दातेरी झालर. कुहलच्या पालीत हे दाते टोकाकडे एकमेकांत मिसळतात आणि शेवटी एक रुंद, वल्ह्यासारखं पान तयार होतं. हे पान विसरू नका, जाती ओळखताना त्याच्याकडे आधी लक्ष जातं.

धडाच्या झालरीची वरची बाजू नीट बघा. तिथे चौकोनी खवले आडव्या रांगांत, कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. खालची बाजू मऊ. हवा खालून दाबते तेव्हा ही कौलं एकमेकांवर बसतात आणि झालर वर उलटण्यापासून अडते, असं या रचनेचं स्पष्टीकरण दिलं जातं. छत्री वाऱ्यात उलटते तसं इथे होऊन चालणार नाही ना.

झालर पसरायला वेगळे स्नायू जवळजवळ नाहीतच. चालताना ती पोटाखाली दुमडलेली असते, आणि पाल झाडावरून सुटली की हवेच्या दाबानेच उलगडते. त्यामुळे "पाल पंख पसरते" हे वाक्य फलकावर नको. ती पाय पसरते. झालर हवा उघडते.

आकार: शेपटीसकट एकूण सुमारे २० सेंटीमीटर, त्यात साधारण निम्मी शेपटी. फलकावर खऱ्या मापात सहज बसेल. प्रमाण काढताना नाकाडापासून गुदद्वारापर्यंतची लांबी १०० धरा आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत मोजा. पण मोजायला पोटाच्या बाजूने काढलेला, झालर पसरलेल्या जिवंत पालीचा फोटो घ्या. अल्कोहोलमधल्या नमुन्यावरून काढाल तर फसाल. कातडी आकसते, कडा वळतात, करड्या आणि हिरवट छटा जाऊन सगळा मातकट तपकिरी रंग उरतो. तुमच्या तिसऱ्या चित्रातली "झालर नसलेली" पाल बहुधा अशीच आली असावी.

---

पडझड

खोडकरांच्या शरीररचनेत भर घालण्यासारखं काही नाही. मी फक्त हवेतल्या चित्राबद्दल लिहितो.

आधी शब्द. या विषयातला जुना संकेत असा: खाली उतरण्याचा कोन क्षितिजापासून ४५ अंशांपेक्षा जास्त असेल तर ते पॅराशूटसारखं उतरणं, कमी असेल तर घसरत तरंगणं, म्हणजे ग्लायडिंग. मोजणं सोपं आहे. ५ मीटर खाली येताना पाल २ मीटर पुढे गेली तर कोन सुमारे ६८ अंश, हे पॅराशूट. ५ मीटर पुढे गेली तर बरोबर ४५. ८ मीटर पुढे गेली तर ३२ अंश, आता ती खरी तरंगली. ड्रॅको या बाबतीत पालीच्या खूप पुढे आहे. म्हणूनच पालींच्या या गटाला इंग्रजीत दोन्ही नावं चालतात, पॅराशूट गेको आणि ग्लायडिंग गेको. मराठीत "तरंगत उतरणारी" म्हटलं की दोन्ही अर्थ सांभाळले जातात. "उडणारी" मात्र नको, उड्डाणात उंची मिळवता येते आणि या पालीला ती कधीच मिळत नाही.

झालरीने नेमकं काय साधतं तेही आकड्यात सांगता येतं. पडण्याचा अंतिम वेग वजन भागिले क्षेत्रफळ याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. वजन तेच ठेवून खालून दिसणारं क्षेत्रफळ दीडपट झालं तर वेग ०.८२ पट होतो, म्हणजे १८ टक्के घट. दुप्पट झालं तर ०.७१ पट. उलट बाजूनेही बघा: अंडी पोटात असलेल्या मादीचं वजन समजा २० टक्क्यांनी वाढलं, तर तिचा वेग साधारण १० टक्क्यांनी वाढतो. आणि पाल लांबीला दुप्पट झाली तर वजन आठपट, क्षेत्रफळ चौपट, म्हणून वेग १.४ पट. मोठ्या पालीला झालर लहान पालीपेक्षा जास्त रुंद लागते ती याचमुळे.

हवेतली मुद्रा अशी काढा: पोट जमिनीकडे, चारही पाय बाहेर पसरलेले आणि कोपर-गुडघ्यात किंचित वाकलेले, बोटं पूर्ण फाकलेली, शेपटी सरळ मागे. धडाची झालर क्षैतिज किंवा कडेला जरा वर उचललेली, खालून हवा भरल्यासारखी फुगीर. झालर खाली लोंबकळणारी काढलीत तर पाल पडत नाहीये, हवेत टांगलेली आहे असं वाटेल.

शेपटीबद्दल एक गोष्ट, कारण ती चित्रात नेहमी नुसती शोभेची म्हणून येते. २००८ साली चपट्या शेपटीच्या घरपालीवर, हेमिडॅक्टायलस प्लॅट्युरसवर, प्रयोग झाले. पाल उलटी, पाठ खाली करून सुटली तर ती शेपटी एका बाजूला झपकन फिरवते आणि धड विरुद्ध बाजूला फिरून पोट खाली येतं. याला लागतो सुमारे एक दशांश सेकंद. धरायला काही नसताना वळायचं तर शरीराचा एक भाग एकीकडे आणि दुसरा उलटीकडे फिरवावा लागतो, तेच काम शेपटी करते. २०२१ मध्ये याच जातीवर सिंगापूरच्या जंगलात झालेलं काम प्रसिद्ध झालं. पाली खोडावर सुमारे ६ मीटर प्रति सेकंद वेगाने, डोकं पुढे करून, अक्षरशः आदळत होत्या. आदळल्यावर पुढचे पाय सुटतात, धड मागे कोसळतं, मागचे पाय मात्र पकड सोडत नाहीत, आणि खोडावर दाबलेली शेपटी सायकलच्या स्टँडसारखा टेकू देते. शेपटी तुटलेल्या पालींचं इथे बिनसायचं.

ही झालरवाली पाल नव्हे, तिची दूरची नातेवाईक, हे लक्षात ठेवा, फलकावर सरमिसळ होऊ देऊ नका.

कोणाला व्हिडिओवरून मुद्रा उचलायची असेल तर: ६ मीटर प्रति सेकंद वेगात नेहमीच्या, सेकंदाला ३० चौकटींच्या (फ्रेम) चित्रणात पाल एका चौकटीत २० सेंटीमीटर सरकते, म्हणजे तिची स्वतःची पूर्ण लांबी. २४० चौकटी असतील तर अडीच सेंटीमीटर. शटर १/१००० सेकंद असला तरी ६ मिलिमीटरचा फराटा येतोच, आणि झालरीची कड नेमकी त्यातच पुसली जाते. १/४००० पर्यंत जाता आलं तर दीड मिलिमीटर.

---

शेवाळरेषा

दोघांचे आभार. वटवाघळी पडदा खोडला.

आता बसलेल्या पालीचं चित्र. कच्च्या रेखाटनात पाल सालीच्या रंगाची केली, तरी ती उठून दिसते. रंग आणखी जुळवला, पट्टे गडद केले, उपयोग नाही. खऱ्या फोटोत ती समोर असून दिसत नाही आणि माझ्या चित्रात पहिल्या नजरेत दिसते. कुठे चुकतंय?

---

सावलीमापे

तुम्ही रंगाच्या मागे लागला आहात. चूक सावलीत आहे.

खोडावर एखादी वस्तू ठेवली की ती दोन गोष्टींनी कळते, खाली पडलेली सावली आणि कडेची अखंड रेघ. रंग तिसऱ्या क्रमांकावर येतो. सालीच्याच रंगाची पेन्सिल खोडाला टेकवून उभी धरा, लगेच दिसेल, कारण तिच्या एका बाजूला काळी फट तयार होते.

हिशोब करून बघा. पालीचं धड खोडापासून १० मिलिमीटर उंच आहे आणि तिच्या कुशी भिंतीसारख्या सरळ आहेत असं धरा. प्रकाश खोडाच्या पृष्ठभागाशी ४५ अंशांत आला तर १० मिलिमीटर सावली पडते. पण वर्षावनात उजेड मुख्यतः वरून, छताच्या फटींतून येतो आणि उभ्या खोडाला जवळजवळ घासत खाली उतरतो. कोन १५ अंशांचा असेल तर तीच सावली ३७ मिलिमीटर होते. एवढा काळा डाग कुठल्याही पक्ष्याला चुकणार नाही.

झालर हीच भिंत मोडते. पाल बसते तेव्हा धड खोडाला दाबते आणि झालरीची कड सालीवर पसरते. कुशीपासून सालीपर्यंत उतार तयार होतो आणि झालर शून्य जाडीला संपते. सावली पडायला कडाच उरत नाही. डोक्याच्या कडेच्या पाळ्या, पायांवरच्या पट्ट्या, शेपटीचे दाते हेच काम आपापल्या जागी करतात. पाय हे तर सर्वांत दगाबाज, कारण पायाखाली पोकळी राहते. म्हणूनच तिथेही झालर आहे.

तुमच्या चित्रात पालीभोवती सगळीकडे एकसारखी गडद कड असणार. ती पुसा. झालर जिथे सालीला मिळते तिथे रेघ काढूच नका, रंग तसाच पुढे जाऊ द्या. सावली काढायची तर फक्त डोक्याखाली आणि एखाद्या कोपराशी, तीही पुसट.

मग पट्टे. पाठीवरचे गडद नागमोडी आडवे पट्टे कडेपर्यंत, झालरीवरूनही जातात. काम त्यांचं असं की लांबट शरीराची बाह्यरेषा आडवी तोडायची. बघणाऱ्याला एक पाल न दिसता सालीचे चार-पाच असंबद्ध तुकडे दिसतात. पट्टे सुबक, समांतर, सारख्या अंतरावर काढलेत तर नवीनच नक्षी तयार होईल आणि पाल पुन्हा दिसायला लागेल. एक पट्टा अर्धवट, एक दुभंगलेला, मधल्या भागात दगडफुलासारखी फिकट छटा, असं ठेवा.

बसायची दिशाही महत्त्वाची आहे. खोडावर डोकं खाली करून बसलेली काढा, या पाली बरेचदा तशाच असतात. पाय धडापासून दूर, सालीला टेकलेले.

साल कुठली ते पण ठरवा. भेगाळ, दगडफुलं आणि शेवाळ असलेली खरखरीत साल असेल तर हे सगळं चालतं. गुळगुळीत, फिकट, एकरंगी खोडावर तीच पाल ठळक दिसते. लपणं हा पालीचा एकटीचा गुण नाही, पाल आणि जागा मिळून ते होतं. चित्रकार नेमकी इथे मार खातात: पाल एका फोटोतली, खोड दुसऱ्या.

रंग बदलण्याबद्दल. हो, बदलते, पण सरड्यासारखी नव्हे. कातडीतल्या रंगपेशींत काळं द्रव्य पसरतं तेव्हा पाल गडद होते, एका जागी गोळा होतं तेव्हा फिकट. म्हणजे करडं ते गडद तपकिरी एवढाच पल्ला, आणि पट्टे ठळक किंवा पुसट होणं. हिरवी, निळी होत नाही. रात्री पाली बरेचदा फिकट दिसतात. तेव्हा बसलेलं चित्र दिवसाचं आणि हवेतलं चित्र रात्रीचं असेल तर दोघींना एकच छटा देऊ नका. भूमध्य समुद्राकाठच्या मूरिश पालीबद्दल २०१४ मध्ये एक मजेदार गोष्ट प्रसिद्ध झाली: डोळे झाकले तरी तिची कातडी पार्श्वभूमीशी जुळवून घेत होती, कारण प्रकाश ओळखणारी ऑप्सिन प्रथिनं कातडीतच सापडली. ही वेगळी प्रजात आहे, कुहलच्या पालीवर चिकटवू नये, पण "पाल बघून रंग ठरवते" असं सरसकट लिहिण्याआधी थांबायला हवं.

संदर्भासाठी फोटो वापरताना एक फसवणूक होते. कॅमेऱ्यावरचा समोरून मारलेला फ्लॅश सगळ्याच सावल्या खाऊन टाकतो. मग साधी घरपालही अदृश्य वाटते आणि झालरीचं श्रेय फुकट जातं. वरून तिरका आलेला उजेड असलेलेच फोटो निवडा. स्वतः काढणार असाल तर करड्या कार्डावर पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) साधून घ्या. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो, आणि कॅमेरा आपल्या मनाने तो दुरुस्त करताना पालीला गुलाबी करून ठेवतो.

आणि "रंग हुबेहूब जुळतो" हे लिहिताना जपून. पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो, साधा कॅमेरा ४०० नॅनोमीटरच्या खालचा जवळजवळ सगळा अडवतो. फोटोत जुळलेला रंग आपल्या डोळ्यांपुरता जुळलेला असतो. सावलीचं तसं नाही, ती कोणाच्याही डोळ्यांना सारखीच.

---

जुनीपाटी

नावाचा घोळ सोडवतो, तो वाटतो तितका अवघड नाही.

टायकोझून म्हणजे ग्रीकमध्ये घडीचा प्राणी. झालरीवरूनच दिलेलं नाव. त्याहून जुन्या पुस्तकांत कुहलची पाल टायकोझून होमॅलोसेफॅलम या नावाने सापडेल. कुहली हे नाव प्राणिशास्त्रज्ञ स्टेनेगर यांनी १९०२ मध्ये दिलं. २०२० मध्ये जनुकीय तुलनेतून दिसलं की या पाली गेको प्रजातीच्या वंशवृक्षाच्या आतच बसतात, म्हणजे टोके (टोकाय) नावाच्या मोठ्या आशियाई पालीच्या जवळच्या नात्यातल्या. मग टायकोझून ही स्वतंत्र प्रजाती राहिली नाही, गेकोची उपप्रजाती झाली. आज गेको कुहली लिहा. जुना फलक "चुकीचा" नाही, जुना आहे.

इथे मराठीची एक पंचाईत: प्रजाती कशाला म्हणायचं आणि जाती कशाला यावर दोन पुस्तकांचं पटत नाही. वर मी गेको या मोठ्या गटाला प्रजाती म्हटलंय आणि कुहली ही जाती. फलकावर एकच पद्धत धरा.

तुमच्या संदर्भांतले फोटो खरंच कुहलच्या पालीचे आहेत का तेही तपासा. तिच्यासोबत सर्वांत जास्त गल्लत होते ती गेको लायोनोटमशी, जिचं वर्णन ॲनंडेल यांनी १९०५ मध्ये केलं. लायोनोटमची पाठ गुळगुळीत, कुहलच्या पाठीवर बारीक गुटळ्या विखुरलेल्या. आणि खोडकर म्हणतात ते शेपटीच्या टोकाचं रुंद पान कुहलमध्ये ठळक. फोटोत शेपटी नव्याने उगवलेली असेल तर मात्र या खुणेवर जाऊ नका. पुन्हा आलेल्या शेपटीत मणक्यांऐवजी कूर्चेची दांडी असते आणि कडेचे दाते पहिल्यासारखे नेमके येत नाहीत. अशा वेळी पाठच बघायची.

वितरणाचा नकाशा देणार असाल तर कुहलसाठी दक्षिण थायलंड, मलय द्वीपकल्प, सुमात्रा, जावा, बोर्निओ. पण "या पाली भारतात नाहीत" असं कुठे उतरवू नका. निकोबार बेटांवरची जाती २००९ मध्ये स्वतंत्र म्हणून वर्णिली गेली. मिझोराममधल्या पालींची नोंद आधी लायोनोटम म्हणून होती, २०२३ मध्ये ती वेगळी जाती निघाली, गेको मिझोरामेन्सिस. पश्चिम घाटात मात्र झालरवाली पाल नाही. तिथे दिसतो तो ड्रॅको ड्युसुमिएरी, उडता सरडा, आणि तुमचं फासळ्यांचं चित्र बहुधा त्याच्याच एखाद्या भावाचं.

---

पडझड

सावलीमापे, सगळं मान्य, पण असं वाचून वाटतं की झालर लपण्यासाठीच आहे आणि तरंगणं योगायोगाने. पायाच्या बोटांमधला पूर्ण पडदा कुठली सावली लपवतो? पाल बसलेली असताना बोटं तशीही सालीला चिकटलेली असतात.

---

सावलीमापे

बोटांच्या पडद्याबद्दल तुमचा मुद्दा बरोबर आहे, तो हवेसाठीच जास्त पटतो. धडाच्या झालरीबद्दल मात्र १९७० च्या दशकापासून मांडला गेलेला विचार असा की ती आधी लपण्यासाठी आली आणि मग पडताना उपयोगी ठरली. याला आधार बाहेरून मिळतो. मादागास्करच्या पानशेपट्या पाली, युरोप्लॅटस, बघा. फिंब्रिएटस आणि सिकोरे या जातींना जबड्यापासून कुशींपर्यंत कातडीची झालर आहे, खोडावर डोकं खाली करून दिवसभर तशाच बसतात, आणि तरंगत मात्र नाहीत. म्हणजे निव्वळ लपण्यासाठी झालर टिकू शकते. निव्वळ तरंगण्यासाठी, दिवसा गुंडाळून ठेवलेली झालर असलेली पाल दाखवा, मग मी माघार घेतो.

---

खोडकर

दोघांमध्ये एक पाचर. चपट्या शेपटीची घरपाल, जिच्यावर वरचे प्रयोग झाले, तिला कुशीवर अगदी अरुंद झालर आहे. तरीही ती दिशा धरून खोडापर्यंत पोचते. म्हणजे आधी चपटं शरीर, मग जराशी झालर, मग रुंद झालर असा उतार कल्पायला हरकत नाही, आणि त्यातल्या प्रत्येक पायरीवर थोडं लपणं आणि थोडं सावकाश पडणं दोन्ही मिळतं. फलकावर "कशासाठी" याचं एकच उत्तर लिहू नका. "दोन्हीसाठी" लिहिलंत तर कोणी खोडणार नाही.

---

शेवाळरेषा

मजकुराचा खर्डा:

"ही पाल पंख पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडते. धोका दिसला की सरड्यासारखा रंग बदलून अदृश्य होते. तिच्या पायांना चिकट द्रव असतो."

दुसऱ्या चित्राच्या बाजूला मुलांना हाताळायला कागदी नमुनाही ठेवायचा आहे, झालर असलेली आणि नसलेली पाल. कसा करावा?

---

पडझड

खर्ड्यातलं एकही वाक्य तसंच ठेवता येत नाही, राग मानू नका.

पंख आणि उडणं यावर वर बोलून झालं. चिकट द्रव तर अजिबात नाही. बोटाखालच्या पट्ट्यांवर लाखो सूक्ष्म केस असतात, त्यांची टोकं आणखी बारीक फाटलेली. ती पृष्ठभागाच्या इतकी जवळ जातात की रेणूंमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण पुरतं. सोडताना पाल बोट टोकाकडून उलटं सोलत उचलते. द्रव असता तर धूळ बसून दोन दिवसांत पाय निकामी झाले असते. पहिलं बोट सोडून बाकी बोटांना नख्याही असतात. चित्रात पाचही बोटांना काढू नका.

असं लिहून बघा: "वर्षावनातली ही निशाचर पाल उंच खोडावरून झेप घेते तेव्हा कुशी, पाय, बोटं आणि शेपटी यांच्या कडेची कातडी हवेच्या दाबाने उलगडते. पडण्याचा वेग कमी होतो आणि ती तिरकी तरंगत खाली उतरते. दिवसा हीच कातडी सालीवर सपाट दाबून ती बसते. तिची सावली पडत नाही, कडा दिसत नाही, आणि पाल नजरेतून निसटते."

कागदी नमुना: पोस्टकार्डाच्या जाडीच्या कागदातून दोन पाली कापा, दोन्ही २० सेंटीमीटर लांब. एकीला झालर ठेवा, दुसरीची कापून टाका. कापलेले तुकडे फेकू नका, ते दुसरीच्या पोटाखाली चिकटवा म्हणजे वजन सारखं राहील. नाहीतर हलकी पाल हळू पडेल आणि मुलं उलटाच निष्कर्ष काढतील. दोघींच्या छातीखाली एकेक साधी क्लिप लावा. क्लिप नाकाशी लावली तर पाल सूर मारते, शेपटीकडे लावली तर गटांगळ्या खाते, आणि अजिबात नसेल तर कागद पानासारखा भिरभिरतो. झालरीच्या कडा २-३ मिलिमीटर वर वाकवा, त्याने डोलणं कमी होतं. दोघींना एकाच वेळी, पोट खाली ठेवून, किमान अडीच मीटरवरून सोडा. डोक्याच्या उंचीवरून सोडलं तर फरक दिसायच्या आतच दोन्ही जमिनीवर. पंखा बंद ठेवा.

---

सावलीमापे

त्याच नमुन्यावर लपणंही दाखवता येईल. सालीचा एक तुकडा उभा लावा, वरून टॉर्च खोडाला घासेल असा धरा. सालीच्याच रंगाच्या मातीच्या दोन पाली करा, दोन्ही १० मिलिमीटर जाड: एकीच्या कुशी सुरीने सरळ कापलेल्या, दुसरीच्या बोटाने सालीपर्यंत उतरत्या घासलेल्या. टॉर्च लावल्यावर पहिलीखाली काळा पट्टा येतो, दुसरीखाली नाही. दुसरीची कड जाड राहिली तर प्रयोग फसतो, ती कागदाइतकी पातळ व्हायला हवी.

---

शेवाळरेषा

मजकूर बदलला. बाह्यरेषा पुसल्यावर पाल खरंच सालीत शिरली. डोकं खाली केलं, पट्टे मोडले, पहिल्या बोटाची नखी काढली. सुधारित रेखाटन जोडलं आहे. अजून काही?

---

खोडकर

डोळा. पापणी काढली आहे, ती पुसा. या पालींना हलणारी पापणी नसते, डोळ्यावर एक पारदर्शक कवच असतं आणि पाल ते जिभेने चाटून साफ करते. आणि बाहुली गोल, काळीभोर झाली आहे. खोडावर असा गोल काळा ठिपका दुसरा कुठलाच नसतो, लपलेल्या प्राण्याला तोच उघडा पाडतो. दिवसाच्या चित्रात बाहुली उभ्या बारीक चिरेएवढी करा आणि बुबुळाला सालीचीच करडी-तपकिरी जाळी द्या. रात्रीच्या, हवेतल्या चित्रात मात्र ती मोठी उघडी हवी. तिथे गोल राहू द्या.